मेंढ्यांची वेतं एकाच हंगामात कशी आणायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा मेंढपाळांचा वाडा (तळ) वाशीम जिल्ह्यातला. सोयाबीन निघालं की कळप घेऊन आम्ही वावरावावरांनी फिरतो. पावसाळ्यात गावच्या ई-क्लासवर (सरकारी चराऊ जमिनीवर) आणि टेकडीच्या कडेला असतो. सगळी वेतं एका महिन्यात आणायची पद्धत धरल्यापासून बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे मेंढपाळ फोन करतात आणि बहुतेक तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच बोलीत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. मेंढ्या तं वर्षभर व्यातातच. साऱ्या एकदम व्यायला लावून फायदा काय?

मेंढा बारा महिने कळपात राहिला की दर आठवड्याला दोन-चार मेंढ्या व्यातात. म्हणजे दर आठवड्याला कोणाची तरी कास पाहायची, कोणाचं तरी कोकरू खांद्यावर घ्यायचं आणि कळप त्याच्यासाठी थांबवायचा. जुलैचं कोकरू सप्टेंबरच्या कोकराला ढकलून त्याच्या आईचं दूध पितं. लस द्यायला डॉक्टर आले की निम्मी कोकरं वयात बसत नाहीत, आणि ती राहतात ती राहतातच. विकायला काढावं तर पाच इकडची, सात तिकडची. एका मापाची तीस कोकरं उभी केली तर खाटीक भाव लावताना वेगळा बोलतो.

हे सगळं एकीकडे ठेवलं तरी मला एक कारण पुरेसं आहे, ते म्हणजे झडीतलं कोकरू. ऑगस्टमध्ये तीन-तीन दिवस पाऊस थांबत नाही. मेंढी उभ्यानं व्याते, खाली नुसता चिखल. आई चाटते तर जिभेला माती येते, वास नीट लागत नाही, मग ती कोकरू सोडून पुढे जाते. अर्ध्या तासात कोकराच्या तोंडात बोट घातलं तर आतून गार लागतं. तोंड आतून गार पडलेलं कोकरू उपाय केल्याशिवाय वाचत नाही, आणि झडीत शेकोटी कुठे पेटवायची? मेंढा सोडण्याची तारीख आपल्या हातात आहे. म्हणून ही कोकरं त्या महिन्यात जन्मालाच येऊ द्यायची नाहीत.

२. मेंढी किती दिवसांनी माजावर येते? गाभण किती दिवस राहते?

माज साधारण १७ दिवसांनी येतो. कोणाचा १४, कोणाचा १९. माज २४ ते ३६ तास टिकतो. गाय हंबरते तशी मेंढी ओरडत नाही. ती मेंढ्याजवळ जाऊन उभी राहते, शेपटी हलवते. कळपात मेंढा नसेल तर माज आला कधी आणि गेला कधी हे कळतही नाही.

गाभणकाळ सरासरी १४७ ते १५० दिवसांचा. जुनी माणसं तो तिथीनं मोजतात आणि हिशेब अगदी बरोबर बसतो, कारण पाच चांद्र महिने म्हणजे जवळपास १४८ दिवस. आषाढी एकादशीला लागलेली मेंढी मार्गशीर्ष शुद्ध एकादशीच्या आसपास व्याणार. मध्ये अधिक मास आला तर तेवढं लक्षात ठेवायचं.

३. विदर्भात मेंढा नेमका कधी सोडायचा? तारीख सांगा.

आधी कोकरं कधी हवीत ते ठरवा, तारीख त्याच्या मागून येते.

आपल्याकडचं वर्ष असं आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वावरं पेरलेली, धुऱ्यावरसुद्धा उभं राहू देत नाहीत, जंगलात चराईबंदी. शासनाच्या मेंढीपालनाच्या महामेष योजनेतही चराई अनुदान नेमकं याच चार महिन्यांसाठी आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं आणि वावरं मोकळी होऊ लागतात. पुढे पऱ्हाटीचा (कपाशीचा) पाला, तुरीचं कुटार (भुसा), मग फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू निघतो. एप्रिलनंतर ऊन आणि वाळलेली काडी. कोकराला आईचं दूध लागतं ते पहिले दोन महिने. ते दोन महिने डिसेंबर-जानेवारीत बसवले तर आईच्या पोटातही चारा असतो आणि कोकराच्या पायाखालीही कोरडं असतं.

यावरून मी जुलैचा पहिला आठवडा धरतो. पुनर्वसु नक्षत्र लागताना मेंढा सोडायचा, मघा लागायच्या आठवडाभर आधी काढायचा. ५ जुलैला सोडून ९ ऑगस्टला काढला तर पहिलं कोकरू २९ नोव्हेंबरच्या आसपास आणि शेवटचं ६ जानेवारीच्या आसपास. संक्रांतीआधी वेतं संपलेली असतात.

बरेच जण मृग लागला की सोडतात. मी तसं करत नाही. ८ जूनला आपल्याकडे अजून ४२-४३ अंश ऊन असू शकतं, मेंढ्या उन्हाळ्यानं खंगलेल्या असतात आणि गवत उगवलेलं नसतं. अशा उन्हात मेंढी लागली तरी गर्भ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जिरून जाऊ शकतो आणि ती पुन्हा उलटते (माजावर येते). पाऊस बसून नवं गवत पंधरा दिवस पोटात गेलं की त्याच मेंढ्या तरतरीत होतात. पाऊस लांबला तर तारीखही लांबवा.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, हाच हिशेब थोडा पुढे सरकतो. धान नोव्हेंबरमध्ये निघतं आणि बांध्या त्यानंतर मोकळ्या होतात. तिथे १५ जुलैला सोडलं तरी चालतं. पण ओल्या बांधीत गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत चपटा कृमी मेंढीच्या काळजात (यकृतात) जातो. तिकडच्या मेंढपाळांनी त्याचं औषध डॉक्टरांना विचारून वेगळं द्यावं, साधं जंताचं औषध त्यावर नेहमी पुरत नाही.

४. मेंढा किती दिवस कळपात ठेवायचा?

३५ दिवस. म्हणजे प्रत्येक मेंढीला माजाच्या दोन संधी मिळतात. समजा पहिल्या माजात १०० पैकी ७५ गाभण राहिल्या. उरलेल्या २५ पैकी तेवढ्याच प्रमाणात दुसऱ्यात राहिल्या तर १८-१९. झाल्या ९३-९४. तिसरी संधी, म्हणजे ५१-५२ दिवस, दिली तर आणखी चार-पाच वाढतात, पण त्या व्यातात संक्रांतीच्या आगेमागे आणि त्यांची कोकरं शेवटपर्यंत लहानच राहतात.

पहिल्या वर्षी मात्र ५१ दिवस ठेवा. वर्षभर व्याणारा कळप एकदम एका रांगेत येत नाही. जुलैमध्ये काही मेंढ्या आधीच गाभण असतात, काहींची कोकरं पिती असतात. त्यांना रांगेत यायला दोन वर्षं लागतात. एका वर्षात झालं नाही म्हणून सोडून दिलेले लोक मला माहीत आहेत. थोडा दम धरला असता तर झालं असतं.

५. मेंढा बाजूले काढून ठेवाचा तं ठेवाचा कुठी? आमी फिरते लोक.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात खरा प्रश्न. बाकीचं सगळं यानंतर येतं.

गावात घर असेल, म्हातारी माणसं मागे राहत असतील, तर मेंढा त्यांच्याकडे बांधून कुटार, पाला आणि मूठभर चुनीवर सांभाळता येतो. एकटा ठेवू नका, मेंढरू एकटं राहिलं की झुरतं. सोबतीला एखादं खच्ची नर द्या.

आम्ही करतो ते वेगळं. पाच वाड्यांचे मेंढे एकत्र करून त्यांचा एक छोटा कळप केला आहे. सात-आठ मेंढे, राखायला एक जण, पाळी दोन-दोन महिन्यांची. ज्याची पाळी त्याला बाकीचे धान्य देतात. हे मेंढे आमच्या कळपांच्या वाटेवर येत नाहीत. पहिल्या दिवशी एकत्र आणले की ते एकमेकांना टकरा मारून डोकं फोडून घेतात. म्हणून पहिले दोन दिवस त्यांना जाळीच्या इतक्या लहान जागेत दाटीनं कोंडा की मागे सरून धावायला जागाच राहू नये. दोन दिवसांत एकमेकांचा वास लागतो, मग शांत होतात. मोकळे सोडल्यावरही पहिला दिवस नजर ठेवा.

तिसरा उपाय म्हणजे पोटाखाली झापड बांधणं. जाड कापडाचा तुकडा मेंढ्याच्या पोटाखाली लोंबेल असा पाठीवरून बांधतात. चढला तरी काम होत नाही. महिना-दोन महिन्यांसाठी ठीक आहे. दहा महिने बांधलं तर दोरी रुतते, लघवीनं कापड भिजून कातडी कुजते, पावसाळ्यात तिथे अळ्या पडतात. रोज हात घालून पाहणार असाल तरच बांधा.

६. मेंढा परत आणला की साऱ्या मेंढ्या एकदम माजावर येतात म्हणे. खरं काय?

बऱ्याच अंशी खरं. मेंढ्यांनी महिनाभर मेंढा पाहिलेला नसेल, त्याचा आवाज ऐकलेला नसेल, वास घेतलेला नसेल, आणि मग तो अचानक आला, तर माजावर नसलेल्या मेंढ्यांत दोन-तीन दिवसांत बीज सुटतं. पण हा पहिला माज मुका असतो, मेंढी मेंढ्याला उभी राहत नाही. खरा माज त्यानंतर १७ ते २५ दिवसांच्या दरम्यान दिसतो. त्यामुळे मेंढा सोडून दहा दिवस झाले, काहीच हालचाल नाही, असा फोन आला तर मी थांबायला सांगतो. ज्या मेंढ्या आधीच नियमित माजावर येत आहेत त्यांच्यावर याचा फारसा परिणाम होत नाही.

हिशेब पक्का करायचा असेल तर झापड बांधलेला मेंढा १५-१६ दिवस आधी कळपात फिरवा आणि मग खरा सोडा. मुका माज तेवढ्यात निघून जातो. यासाठी खच्ची नर वापरू नका, त्याच्या अंगाला तो वासच नसतो. डॉक्टरांकडून नसबंदी केलेला मेंढा चालतो, पण नसबंदीनंतर दीड महिना तो कळपापासून दूर ठेवावा लागतो.

७. किती मेंढ्यांमागं एक मेंढा?

वयात आलेला, चारदाती किंवा पुढचा मेंढा ३० ते ४० मेंढ्यांना पुरतो. दोनदाती, नवा असेल तर १५-२०. महामेष योजनेत २० मेंढ्यांमागे १ नर देतात, ते प्रमाण सोयीचं आहे.

वर्षभर सोडलेल्या मेंढ्यापेक्षा ३५ दिवसांत सगळं काम करणाऱ्याला जास्त ताण पडतो, हे विसरू नका. ६० मेंढ्यांत एकच मेंढा सोडून वेतं एकत्र आली नाहीत अशी तक्रार करू नये. तीन मेंढे असतील तर एक बसवून ठेवा आणि पाळीपाळीनं बदला. सगळे एकदम सोडले तर दांडगा एकटाच इतरांना हाकलत बसतो.

८. मेंढ्याची तयारी काय करायची? आमचा मेंढा दिसायला तं जबरदस्त आहे.

दिसण्यावर जाऊ नका. मी गेलो आणि एक हंगाम गमावला.

त्या वर्षी मेच्या मध्यावर आमच्या मेंढ्याला तोंडखुरी (लाळ-खुरकूत) झाली. आठ दिवस ताप, मग बरा झाला, खायला लागला, जूनअखेर पुन्हा गुबगुबीत. जुलैमध्ये सोडला. चढत होता, सगळ्या मेंढ्यांना रंग लागत होता (प्रश्न ९). सतरा दिवसांनी रंग बदलला तर त्याच मेंढ्यांवर दुसरा रंग दिसायला लागला. ५५ पैकी ४० उलटल्या. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा समजलं, वीर्य तयार व्हायला जवळपास ५० दिवस आणि बाहेर पडायला आणखी दहा-बारा दिवस लागतात. मेमधल्या तापाचं बिघडलेलं वीर्य जुलैमध्ये बाहेर पडत होतं.

त्यामुळे मेंढ्याची तयारी दोन महिने आधी, मेच्या सुरुवातीलाच. आपल्याकडचं ४५-४६ अंशांचं ऊन तापासारखंच काम करतं. दिवसभर त्याला निंबाच्या, बाभळीच्या गर्द सावलीत ठेवा, पाणी दोन-तीनदा दाखवा, पोटाखालची आणि अंडाभोवतीची लोकर कातरून टाका. रोज पाव ते अर्धा किलो चुनी-ढेप-ज्वारीचं मिश्रण द्या, पण चरबी चढू देऊ नका.

आणि हात लावून तपासा. दोन्ही अंडं सारखी, अर्धपिकल्या जांबासारखी घट्ट हवीत. एक लहान, मऊ किंवा गाठ लागली तर तो मेंढा नको. खुरं तासा. लंगडा मेंढा मागच्या पायांवर भार घेत नाही, मग तो चढणार कसा? दात पाहा, डोळे पाहा.

९. कोणती मेंढी लागली, कोणती उलटली, कसं ओळखायचं?

गेरूनं. गेरूत खाण्याचं तेल घालून लापशीसारखा घट्ट कालवा आणि मेंढ्याच्या छातीवर, पुढच्या पायांच्या मधोमध चोळा. चढला की मेंढीच्या ढुंगणावर खूण उमटते. दर दोन दिवसांनी पुन्हा लावा. १७ व्या दिवशी रंग बदला. फिक्यावरून गडदकडे जायचं: आधी पिवडी, मग गेरू, मग नीळ. उलट केलं तर गडदावर फिका दिसत नाही. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, कातडी भाजते. ऑइलपेंटनं लोकर वाया जाते.

पावसात रंग टिकत नाही ही तक्रार बरोबर आहे. म्हणून आम्ही खुणेवर विसंबत नाही, सकाळी टिपून घेतो. उजाडताना जाळीला एका मेंढीपुरती फट ठेवायची. मी फटीत उभा, बायको वही घेऊन बाजूला. एकेक मेंढी अंगाला घासून बाहेर पडते, ताजी खूण दिसली की तिच्या कपाळावरची लोकर कात्रीनं बोटभर कापायची आणि बिल्ल्याचा नंबर वहीत. शंभर मेंढ्यांना पाऊण तास लागतो. या वहीतून डिसेंबरचा प्रत्येक आठवडा आधीच दिसतो: कोणाला वेगळं काढायचं, कोणाला ढेप द्यायची.

सतरा दिवसांनी अर्ध्याहून जास्त मेंढ्यांवर दुसरा रंग आला तर दोष मेंढ्याचा समजा आणि त्याच दिवशी दुसरा मेंढा आणा. पंधरा दिवस वाट पाहिली की हंगाम गेला.

१०. मेंढा सोडण्याआधी खुराक द्या म्हणता. शंभर मेंढ्यांना परवडते काय?

सगळ्यांना द्यायची गरजच नाही. पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, हात ठेवा. हाडाचे काटे टोचतात ती बारीक. त्यांनाच वेगळं काढून मेंढा सोडायच्या तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो दाणा द्या. अंगानं भरत जाणारी मेंढी लवकर माजावर येते, कधी दोन बीजं सोडते. आधीच लठ्ठ असलेल्या मेंढीला याचा उपयोग नाही.

एप्रिल-मेमध्ये गोळा केलेल्या बाभळीच्या शेंगा हा आपला फुकटचा खुराक आहे. पोत्यांत भरून कोरड्यात ठेवा. आणि जुलैत मेंढा सोडण्याचं एक कारण हेही की पावसानंतरचं कोवळं गवत हा खुराक स्वतःच देतं.

११. नव्या मेंढ्या पहिल्यांदा कधी लावायच्या?

वयापेक्षा वजन पाहा. मोठ्या मेंढीच्या वजनाच्या ६५ ते ७० टक्के झाल्याशिवाय नाही. दख्खनी मेंढी साधारण ३० किलोची धरली तर नवी २० किलोच्या पुढे हवी. ताणकाट्याला पोत्याची झोळी बांधून दोन मिनिटांत वजन होतं. डिसेंबरमध्ये जन्मलेली मादी पुढच्या जुलैत सात महिन्यांची असते, तिला त्या वर्षी सोडून द्या. १९ महिन्यांची होऊन ती आपोआप रांगेत येते.

१२. लसी आणि जंताचं औषध यात कुठं बसवायचं?

आंत्रविषार आणि घटसर्पाची लस मेअखेरपर्यंत, पावसाळ्याआधी. पीपीआर (मेंढ्यांची बुळकांडी), तोंडखुरी वगैरे जे बाकी असेल तेही मेंढा सोडायच्या महिनाभर आधी उरका. लसीनंतर मेंढ्याला ताप येऊ शकतो, त्याचं काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे, म्हणून मेंढ्याच्या लसी दोन महिने आधीच उरका. आंत्रविषाराची पुढची मात्रा व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे ऑक्टोबरअखेर. तिचं संरक्षण चिकातून कोकराला मिळतं. निळ्या जिभेचा रोग पावसाळ्यात चिलटांमुळे येतो आणि गाभण मेंढ्या गाभडतात (गर्भ पडतो). तुमच्या भागात तो येत असेल तर त्या लसीचं डॉक्टरांना आधी विचारा.

जंताचं औषध मेंढा सोडायच्या दोन आठवडे आधी. पण अल्बेंडाझोल मेंढा सोडल्यापासून तो काढल्यावर महिना होईपर्यंत द्यायचं नाही, म्हणजे शेवटची लागलेली मेंढीही पहिल्या महिन्याच्या पुढे गेलेली असते. गाभणकाळाच्या सुरुवातीला त्यानं गर्भात व्यंग येतं. ही चूक फार जणांकडून होते, कारण जुलै-ऑगस्टमध्येच जंत वाढतात. तेव्हा गाभण मेंढीला चालणारं दुसरं औषध मागून घ्या. मदतीला १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर आहे.

१३. स्पंज आणि इंजेक्शन देऊन एकाच दिवशी माजावर आणता येतात ना?

येतात. औषध भरलेला स्पंज १२ ते १४ दिवस मेंढीच्या योनीत ठेवतात, काढताना इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत सगळ्या माजावर येतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं देशी स्पंज तयार केला आहे. पण चाळीस मेंढ्या दोन दिवसांत माजावर आल्या तर आठ-दहा मेंढ्यांमागे एक मेंढा लागतो. कृत्रिम रेतन म्हणाल तर मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड इतकं वाकडं आणि अरुंद असतं की गाईसारखी गोठवलेल्या वीर्याची कांडी सहज जात नाही. बंदिस्त गोठा, थोड्या मेंढ्या आणि जवळ डॉक्टर असेल तर करा. चरणाऱ्या कळपाला जुलै आणि ३५ दिवस पुरेसे आहेत.

एक धोका: माजावर आणायला दुकानात मिळणारं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन गाभण मेंढीला दिलं तर ती गाभडू शकते. तपासल्याशिवाय कोणालाही टोचू देऊ नका.

१४. गाभण मेंढ्यांकडं शेवटी काय पाहायचं? डिसेंबरची थंडी सोसते काय कोकराला?

कोरडं कोकरू थंडी सोसतं. ओलं कोकरू आणि वारा ही जोडी सोसत नाही. डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे पारा १० च्या खाली येतो. वाड्याच्या वाऱ्याच्या बाजूला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा छातीभर उंच कूड उभा करा, खाली कुटार पसरा. व्याल्यावर नाळेला आयोडीन लावा आणि पहिल्या तासात चीक पाजा. अडीच-तीन किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दिवसभरात पाव लिटरच्या पुढे चीक गेला पाहिजे.

गर्भाची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. ते आठवडे आपल्या हिशेबात ऑक्टोबरच्या मध्यापासून येतात, म्हणजे ऐन सोयाबीन निघण्याच्या दिवसांत. चारा भरपूर, पण इथेच नुकसानही होतं. मळणीच्या ढिगात मेंढीनं तोंड घातलं की पोट फुगून रात्रीत जाते. काढलेल्या वावरात शिरण्याआधी ढीग कुठे आहे ते पाहा. कपाशीत नेण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली ते मालकाला तोंडावर विचारा.

१५. ३५ दिवसांनंतरही ज्या लागल्या नाहीत, त्यांचं काय?

वहीत बघा. सलग दोन वर्षं रिकामी राहिली तर विकून टाका. एकदाच राहिली, वय कमी, कास चांगली, तर एक संधी द्या. तिच्यासाठी सप्टेंबरमध्ये पुन्हा मेंढा सोडू नका. एका मेंढीसाठी सोडलेला मेंढा सगळ्या कळपाची रांग मोडतो.

१६. चार-पाच मेंढ्या एकापाठोपाठ गाभडल्या. मेंढा लवकर सोडल्यामुळं काय?

नाही. एखादी गाभडली तर टक्कर, दाटी, पडणं असू शकतं. चार-पाच लागोपाठ म्हणजे रोग समजा. ब्रुसेला हा असा रोग माणसालाही लागतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका. हातात पिशवी घाला, डॉक्टरांना नमुना घेऊ द्या, मग चुना टाकून खोल पुरा. गाभडलेल्या मेंढ्या वेगळ्या काढा. घरातली गरोदर बाई अशा मेंढ्यांजवळ जाऊ देऊ नका.

१७. दोन वर्षांत तीन वेतं घेता येतात म्हणे. मग वर्षाला एकच कशाला?

आठ महिन्यांच्या अंतरानं तीन वेतं बसतात, हे खरं. आता महिने लावून पाहा. पहिलं डिसेंबरमध्ये, दुसरं ऑगस्टमध्ये, तिसरं एप्रिलमध्ये. ऑगस्टचं काय होतं ते प्रश्न १ मध्ये लिहिलं आहे. एप्रिलमध्ये आईच्या पायाखाली तापलेली माती असते. बंदिस्त गोठ्यात, वैरण साठवून ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. फिरत्या कळपानं तीन वेतांतली दोन अशी काढण्यापेक्षा एक पूर्ण जगवावं, असं माझं ठाम मत आहे.

१८. बकरी ईदच्या हिशेबानं मेंढा सोडला तर?

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२६ मध्ये ती मेच्या शेवटच्या आठवड्यात, २०२७ मध्ये मेच्या मध्याच्या आसपास. चारा मात्र जागचा हलत नाही. घेणारे बहुधा वर्ष भरलेला नर मागतात. त्यामुळे डिसेंबरचे निवडक चांगले नर पहिली ईद सोडून त्यापुढच्या ईदपर्यंत, दीड वर्षाचे करून ठेवा. बाकीचे आखाडात सात महिन्यांचे होऊन चांगले जातात.

१९. मेंढा दरवर्षी तोच चालेल काय?

दोन हंगाम. तिसऱ्या हंगामात त्याच्याच लेकी लावायला येतात (प्रश्न ११), आणि जवळच्या रक्ताची कोकरं बारीक आणि नाजूक निघतात. दोन हंगामांनंतर लांबच्या वाड्याशी अदलाबदल करा. शेजारच्या वाड्यात बहुतेक त्याचाच भाऊ असतो. मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आपल्याकडे अमरावतीजवळ पोहरा आणि रामटेक तालुक्यात बोंद्री इथे आहेत, नर मिळतात का ते तिथे विचारून पाहा.

२०. मेंढा ऑगस्टमध्ये काढला, तरी तीन मेंढ्या मार्चमध्ये व्याल्या. हे कसं झालं?

मार्चमधून पाच महिने मागे जा, ऑक्टोबर येतो. त्या महिन्यात कळपात कोण नर होता ते शोधा. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले असतील, रात्री वाडे जवळ पडले असतील. माजावरची मेंढी स्वतः चालत जाते, मेंढ्यानं यावं लागत नाही.

आणि आपल्याच कोकरांकडे पाहा. नर कोकरू पाच-सहा महिन्यांत कामाचं होतं. म्हणून चार महिन्यांचे झाले की नर वेगळे काढायचे, नाहीतर खच्ची करायचे. आमच्याकडे एका वर्षी मी सगळे नर मोजून काढले होते. एक राहिला. आई मेलेलं कोकरू मुलीनं बाटलीनं वाढवलं होतं. ते घरात झोपायचं, तिच्या मागे फिरायचं, त्यामुळे त्याला कळपात कोणी धरतच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ते दहा महिन्यांचं होतं आणि दिवसा कळपाबरोबर चरायला जायचं. मार्चमध्ये आमच्या चार रिकाम्या मेंढ्या व्याल्या. आता मोजताना बाटलीवरची कोकरं मी सगळ्यात आधी मोजतो.